शिमल्यात एकट्याने एक दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिमला पाहण्यास एक दिवस पुरेसा आहे का?

शहर पाहण्यास पुरेसा आहे, आसपासचा परिसर पाहण्यास नाही. हा भेद आधीच मनाशी पक्का केला तर दिवस सार्थकी लागतो. शिमल्याच्या नावाखाली कुफ्री, फागू, नारकंडा अशी ठिकाणे एकाच दिवसात कोंबण्याची पद्धत पडली आहे आणि त्या धावपळीत ज्या शहरासाठी आपण एवढ्या लांबून आलो, ते गाडीच्या काचेतूनच मागे सुटते. शिमला हे मुळात पायी पाहण्याचे शहर आहे. पूर्वेला जाखूचा डोंगर, पश्चिमेला ऑब्झर्वेटरी हिल आणि या दोहोंना जोडणारी साधारण सहा किलोमीटरची डोंगराची सोंड, एवढाच त्याचा कणा आहे. चालण्याची सवय असलेल्या माणसाला सकाळी सातपासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळात तो निवांतपणे पालथा घालता येतो. मात्र आदली रात्र शिमल्यातच काढलेली असावी. पहाटे चंडीगडहून निघून त्याच रात्री परतण्याचा बेत करू नये, कारण सुमारे 115 किलोमीटरच्या घाटरस्त्यावर जाण्यायेण्याचे आठ तास सहज खर्ची पडतात.

शिमल्याला कसे पोहोचावे?

मुंबई-पुण्याहून चंडीगडपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने यावे आणि तेथून बस किंवा टॅक्सी करावी. वेळ हाताशी असेल तर काल्का येथून छोटी गाडी धरावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे. 9 नोव्हेंबर 1903 रोजी सुरू झालेला हा 96 किलोमीटरचा मार्ग काल्क्याच्या 656 मीटर उंचीवरून शिमल्याच्या 2,076 मीटरपर्यंत चढतो. त्यावर शंभराहून अधिक बोगदे आणि 864 पूल आहेत, आणि 2008 पासून त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान आहे. माथेरानची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही थोडी मोठी वाटेल, कारण माथेरानचे रूळ दोन फुटांचे आहेत, तर येथील अडीच फुटांचे. प्रवासाला पाच तासांहून अधिक वेळ लागतो. बडोग स्थानकावर गाडी थांबली की फलाटावर उतरून 1,143 मीटर लांबीच्या बोगद्याच्या तोंडाशी क्षणभर उभे राहावे. आतून येणारी थंडगार हवा अंगावर घेतली की आपण डोंगरात शिरलो हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. या मार्गाची आखणी करताना इंग्रज अभियंत्यांना चैलजवळच्या झाझा गावच्या भलकू नावाच्या पहाडी माणसाने वाट दाखवली, अशी या भागात श्रद्धा आहे. शिमल्यातील रेल्वेच्या संग्रहालयालाही बाबा भलकू यांचेच नाव दिलेले आहे.

गाडीचे आरक्षण लवकर भरते, म्हणून तारीख ठरताच ते करावे.

नकाशावर ठिकाणे जवळ दिसतात, मग चालताना दमछाक का होते?

शिमला आडवे वसलेले नसून उभे वसलेले आहे आणि सपाट नकाशा ही गोष्ट सांगत नाही. सर्वांत खाली मोटारींचा कार्ट रोड आहे. त्याच्यावर लोअर बाजार, त्यावर मिडल बाजार, मग मॉल रोड आणि सर्वांत वर रिज हा मोकळा चौक, असे हे मजले आहेत. दोन ठिकाणांमधले अंतर नकाशावर दोनशे मीटर असले, तरी प्रत्यक्षात मध्ये दीडशे पायऱ्या असू शकतात. म्हणून वाट विचारताना ‘किती लांब आहे’ असे विचारण्याऐवजी ‘वर आहे की खाली’ असे विचारावे. तेथील लोकही उत्तर त्याच भाषेत देतात.

मॉल आणि रिजवर सामान्य वाहनांना प्रवेश नाही. कार्ट रोडवरून मॉलवर येण्यासाठी पर्यटन महामंडळाची दोन टप्प्यांची लिफ्ट आहे. तिचे तिकीट काढून एका लिफ्टमधून उतरायचे, मधला छोटा मार्ग चालायचा आणि दुसरीत शिरायचे. सामान जड असेल तर हमाल करावा. पाठीवर दोरीने लोखंडी कपाट किंवा गॅसचे सिलिंडर बांधून, कमरेत वाकून, एक-एक पायरी चढणारे हे बहुतेक हमाल काश्मिरी असतात आणि शहर त्यांना ‘खान’ म्हणून ओळखते. अरुंद पायऱ्यांवर त्यांना आधी वाट द्यावी. ओझे घेऊन मध्येच थांबणे त्यांना किती जड जाते, हे शेजारून जाताना त्यांच्या श्वासावरूनच कळते.

दिवसाची आखणी कोणत्या क्रमाने करावी?

पूर्वेकडून सुरुवात करून पश्चिमेला जावे आणि पश्चिमेकडून चालत परत यावे, असे माझे मत आहे. याला तीन कारणे आहेत. जाखूचा चढ हा दिवसातला सर्वांत कठीण भाग असल्याने तो पाय ताजे असताना, गर्दीच्या आधी उरकलेला बरा. शिवाय उत्तरेकडील हिमशिखरे दिसायची असतील तर ती बहुधा सकाळीच दिसतात, कारण दिवस वर आला की दऱ्यांतून ढग चढू लागतात. तिसरे कारण मला दुसऱ्या भेटीत उमगले. दुपारी ऑब्झर्वेटरी हिलवरून मॉलकडे परतताना ऊन पाठीवर असते, त्यामुळे डोळे दिपत नाहीत आणि वाटेतल्या जुन्या इमारतींचे दर्शनी भाग उजळलेले दिसतात.

थोडक्यात, सातच्या सुमारास रिजवरून जाखू, दहापर्यंत खाली उतरून न्याहारी, अकराच्या सुमारास बसने किंवा टॅक्सीने ऑब्झर्वेटरी हिलवरचे राष्ट्रपती निवास, दुपारी तेथून सुमारे चार किलोमीटर चालत मॉल आणि संध्याकाळी रिज, असा हा दिवस होतो. एकटे असल्याने वेळापत्रक काटेकोर पाळण्याचे बंधन नाही. उलट कोठेतरी अर्धा तास जास्त बसावेसे वाटले तर बसता येणे, हाच एकट्याने फिरण्याचा खरा लाभ आहे.

जाखूच्या माकडांबद्दल जे ऐकतो ते खरे आहे का?

खरे आहे आणि ते गांभीर्याने घ्यावे. जाखूची उंची सुमारे 2,455 मीटर आहे. माथ्यावर हनुमानाचे जुने मंदिर असून 2010 मध्ये उभारलेली 108 फूट उंचीची मूर्ती देवदारांच्या शेंड्यांवरून शहरातल्या बहुतेक भागांतून दिसते. येथील माकडांना चष्म्याची विशेष ओढ आहे. चष्मा हिसकावायचा, झाडावर जाऊन बसायचे आणि खाऊ मिळाल्यावरच तो टाकायचा, हा व्यवहार ती चांगल्या प्रकारे शिकली आहेत. चष्म्यावाचून अजिबात दिसत नसेल, तर त्याला मागून दोरी बांधावी किंवा शेवटच्या टप्प्यात तो आतल्या खिशात ठेवून हळू चालावे. हातात प्लास्टिकची पिशवी नसावी, कारण तिच्या आवाजानेच माकडे जमतात. वाटेत काठ्या भाड्याने मिळतात. काठी उगारायची नसते, ती नुसती हातात दिसली तरी पुरते. माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, पळू नये आणि चावा किंवा ओरखडा आल्यास पुढचा बेत सोडून थेट रुग्णालय गाठावे. रेबीजच्या लशीत चालढकल करता येत नाही.

रिजपासूनची वाट सुमारे दोन किलोमीटरची असली, तरी फार चढणीची आहे. सरावाच्या माणसाला पाऊण तास पुरतो. चढ झेपत नसेल तर 2017 पासून रोपवे सुरू आहे आणि तो काही मिनिटांत वर पोहोचवतो.

याच डोंगराच्या उतारावर रॉथनी कॅसल ही ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांची कोठी होती. 28 डिसेंबर 1885 रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे ज्यांचा मोठा पुढाकार होता तेच हे ह्यूम. मुंबईच्या माणसाने चढ चढताना थांबायला एवढे निमित्त चांगले आहे.

राष्ट्रपती निवासात नेमके काय पाहावे?

एकाच वास्तूला वेळ द्यायचा असेल तर तो येथे द्यावा. 1864 पासून इंग्रजांनी शिमल्याला उन्हाळी राजधानी केले, तरी व्हाइसरॉयला साजेसे घर तेथे नव्हते. ते पीटरहॉफ या तुलनेने लहान बंगल्यात राहत. हेन्री अर्विन या वास्तुविशारदाने करड्या दगडाची ही भव्य इमारत उभारली आणि 1888 च्या जुलै महिन्यात लॉर्ड डफरिन येथे राहायला आले. त्या काळात तिच्यात विजेचे दिवे होते, हे आजही ऐकताना नवल वाटते.

स्वातंत्र्यानंतर ही वास्तू राष्ट्रपतींची झाली. राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी ती विद्येच्या कामाला दिली आणि 20 ऑक्टोबर 1965 रोजी येथे भारतीय उच्च अध्ययन संस्थेचे उद्घाटन केले. ज्या घरात साम्राज्याच्या मेजवान्या झडल्या, त्या घरात आज अभ्यासक पुस्तके घेऊन बसतात. देशाने एखाद्या वारशाचे यापेक्षा चांगले काही केले असेल, असे मला वाटत नाही.

आत फक्त ठरावीक दालने, तीही मार्गदर्शकासोबत, गटागटाने पाहता येतात आणि आत छायाचित्रे घेऊ देत नाहीत. त्यामुळे डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि ते बरेच आहे. प्रवेश केल्यावर मान वर करावी. मधले दालन थेट वरच्या मजल्यांपर्यंत मोकळे गेले आहे, सज्जांचे लाकूड गडद तपकिरी आहे आणि जिना त्याच लाकडात वळण घेत वर जातो. माझ्यासोबतच्या गटात एक आजोबा कठड्यावरून हात फिरवत होते आणि लाकडाला अजून मेणाचा गुळगुळीतपणा होता. 25 जून ते 14 जुलै 1945 या काळात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी येथेच भारतीय नेत्यांची परिषद बोलावली होती आणि ती निष्फळ ठरली. मे 1947 मध्ये माउंटबॅटन यांनी सत्तांतराचा मसुदा नेहरूंना दाखवला, नेहरूंनी तो फेटाळला आणि व्ही. पी. मेनन यांनी काही तासांत नवा मसुदा तयार केला, तेही शिमल्यातच. भिंतीवरची त्या बैठकांची छायाचित्रे पाहताना गट पुढे सरकतो; शक्य असेल तर आपण मागे राहावे.

सोमवारी इमारत बंद असते. माझी पहिली खेप सोमवारीच होती आणि केवळ फाटकाबाहेरून परतावे लागले, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. दालने पाहून झाल्यावर लगेच निघू नये. मागच्या हिरवळीच्या कडेला बाके आहेत, तेथून दऱ्या आणि डोंगरांच्या रांगा दिसतात आणि गटातून सुटलेल्या माणसाला हवी असते ती शांतता तेथे मिळते.

परतीच्या चार किलोमीटरच्या वाटेवर काय लागते?

बहुतांश वाट सौम्य चढउताराची आहे. आधी चौरा मैदान लागते. तेथे 1974 मध्ये सुरू झालेले राज्य संग्रहालय आहे. पहाडी लघुचित्रांची आवड असेल तर तासभर द्यावा, नसेल तर पुढे जावे. जवळच पीटरहॉफ आहे. 1947 नंतर काही वर्षे पंजाब उच्च न्यायालय या इमारतीत भरत असे आणि गांधीहत्येच्या खटल्यातील अपिलांची सुनावणी 1949 मध्ये येथेच झाली. जुनी इमारत 1981 च्या आगीत जळाली, आज त्या जागी सरकारी हॉटेल आहे. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला त्या जागेसमोरून जाताना मन जड झाल्याशिवाय राहत नाही.

पुढे विधानसभा आहे. 1925 साली बांधलेल्या याच सभागृहात विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष झाले. आत जाण्यास परवानगी लागते, बाहेरून पाहणे पुरते. त्यानंतर रेल्वे बोर्डाची लोखंडी सांगाड्याची इमारत, मग थोडी चढण चढून कालीबाडी हे कालीमातेचे मंदिर आणि अखेर लाला लजपतराय यांचा पुतळा असलेला स्कँडल पॉइंट. येथे मॉल आणि रिज एकमेकांना मिळतात, आणि गर्दी एकदम वाढते.

रिजवर आणि चर्चमध्ये पाहण्यासारखे काय आहे?

आपण ज्या मोकळ्या चौकात उभे असतो, त्याच्या पोटात शहराची जुनी पाण्याची टाकी आहे. रिज हा जलविभाजकही आहे. उत्तर उतारावर पडलेले पाणी सतलजला मिळून अरबी समुद्राकडे जाते, दक्षिण उतारावरचे यमुना-गंगेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे. महाबळेश्वरच्या माथ्यावर सावित्री पश्चिमेला आणि कृष्णा पूर्वेला निघते, हे शाळेत शिकलेल्यांना या जागेचे मोल लगेच कळेल.

क्राइस्ट चर्चचे बांधकाम 1844 मध्ये सुरू झाले आणि 1857 मध्ये ते उपासनेसाठी अर्पण करण्यात आले. आत शांतपणे बसावे आणि रंगीत काचांमधून येणारा उजेड लाकडी बाकांवर कसा सरकतो ते पाहावे. येथील वेदीमागच्या खिडकीभोवतीचे भित्तिचित्र लॉकवुड किपलिंग यांनी आखले होते. हे किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत असत आणि क्रॉफर्ड मार्केटवरील कोरीव शिल्पेही त्यांचीच आहेत. मॉलवरचे गेयटी थिएटर हे हेन्री अर्विन यांचेच काम असून 30 मे 1887 रोजी ते खुले झाले. नाटकाच्या वेडाने वाढलेल्या मराठी माणसाने तिकीट काढून आतले छोटे, घोड्याच्या नालेसारखे प्रेक्षागृह अवश्य पाहावे. शेवटच्या ओळीतूनही नटाचे डोळे दिसावेत, एवढेच ते मोठे आहे.

एकट्याने कोठे जेवावे?

मॉलवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये एकट्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही, कारण तेथे वर्तमानपत्र घेऊन एकटे बसणारे स्थानिक लोकच पुष्कळ असतात. पहाडी चव घ्यायची असेल तर सिड्डू मागवावा. गव्हाचे पीठ आंबवून, आत खसखस, अक्रोड किंवा उडदाचे सारण भरून तो उकडतात. दिसायला फुगलेल्या करंजीसारखा, हाताला मऊ आणि वाफाळता. तो मधून फोडून आत तूप ओततात आणि ते सारणात जिरेपर्यंत थांबावे लागते. एक सिड्डू एका माणसाला जेवणाइतका होतो. सणसमारंभातली धाम ही पंगत एकट्या प्रवाशाला क्वचितच लाभते, पण दह्यातला चण्याचा मदरा हॉटेलांत मिळतो.

कोणत्या महिन्यात जावे आणि कपडे कोणते न्यावेत?

एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दोन काळ चांगले. पहिल्यात गर्दी जास्त असते, दुसऱ्यात आकाश स्वच्छ असते; मला दुसरा आवडतो. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर जंगलात बुरांशाची लाल फुले दिसतील. शहर महाबळेश्वरपेक्षा सुमारे 800 मीटर उंच आहे, त्यामुळे मे महिन्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो. श्वसनाचा विकार नसलेल्यांना उंचीचा त्रास सहसा होत नाही, पायऱ्यांवर धाप मात्र लागते.

जुलै-ऑगस्ट टाळावा, हे केवळ सोयीसाठी सांगत नाही. 14 ऑगस्ट 2023 रोजी समर हिल येथे शिव बावडी मंदिरावर दरड कोसळून 20 जणांचा मृत्यू झाला आणि त्याच पावसात छोट्या गाडीचे रूळ खालची माती वाहून गेल्याने अधांतरी लटकले. आपल्याकडे माळीण आणि तळीये पाहिलेल्यांना डोंगर पावसात काय करू शकतो हे ठाऊक आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत बर्फ पडू शकतो. तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत आणि उत्तर बाजूच्या रस्त्यांवर विशेष जपावे, कारण तिकडे ऊन पोहोचत नाही आणि गोठलेले पाणी दुपारपर्यंत तसेच राहते. लक्कड बाजाराखालचे बर्फावर घसरण्याचे मैदान याच सावलीच्या जोरावर 1920 पासून नैसर्गिक बर्फावर चालत आले आहे.

एकट्या स्त्रीला हे शहर सुरक्षित आहे का?

मी तीनदा एकटी गेले आहे आणि मॉल, रिज, लोअर बाजार येथे रात्री नऊपर्यंत फिरताना मला कधी अडचण आली नाही. दुकाने उघडी असतात आणि कुटुंबे फिरत असतात. अंधार पडल्यावर मात्र देवदारांमधल्या आडवाटा सोडून द्याव्यात, विशेषतः जाखू आणि ऑब्झर्वेटरी हिलच्या परिसरातल्या. माणसांच्या भीतीइतकेच त्याचे कारण प्राण्यांचेही आहे, कारण शहराच्या कडेच्या जंगलांत बिबट्याचा वावर आहे. मुक्काम मॉलपासून फार खाली घेऊ नये. स्वस्त खोलीचे वाचलेले पैसे रात्री निर्जन पायऱ्या उतरताना महागात पडतात. आणीबाणीत 112 हा क्रमांक चालतो.

कुफ्री वगळले तर चुकल्यासारखे वाटणार नाही का?

नाही. एका दिवसात ते वगळावेच.

संध्याकाळी काय करावे?

लक्कड बाजारात लाकडी वस्तूंची दुकाने पाहून घ्यावीत. तेथील हातकाठी वडीलधाऱ्यांना द्यायला चांगली असते. कचरा टाकण्यास आणि थुंकण्यास मॉल व रिजवर दंड आहे आणि त्याचा परिणाम पायाखाली दिसतो, म्हणून पायऱ्यांवरही बिनदिक्कत बसता येते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी रिजच्या कठड्याशी जागा धरावी. मावळतीचे रंग उतरले की गारठा पटकन वाढतो आणि अर्धे लोक उठून हॉटेलकडे वळतात. तेव्हाच थोडे थांबावे. समोरच्या उतारांवर खालच्या घरांपासून एकेक दिवा लागत वर येतो, चर्चच्या पिवळ्या भिंतीवर प्रकाशझोत पडतो आणि मागे जाखूवरची मूर्ती काळ्या झाडांवर एकटीच उजळलेली दिसते.